नानेटी : अंगणातल्या बिनविषारी सापाची ओळख

पावसाळ्याचे पहिले दोन-चार जोराचे पाऊस होऊन गेले, की शहराच्या कडेने वसलेल्या वसाहतींमध्ये एक प्रसंग हटकून घडतो. सोसायटीच्या बागेत, कुंडीमागे किंवा वाहनतळाच्या कोपऱ्यात हातभर लांबीचा एक पट्टेरी साप दिसतो. आरडाओरड होते, काठ्या निघतात आणि दोन-तीन मिनिटांत त्या सापाचा शेवट होतो. पुढे कोणी जाणकार आलाच, तर निर्वाळा मिळतो, की ती नानेटी होती. तिच्यात विष नव्हते आणि कोणाला चावण्याचा तिचा इरादाही नव्हता.

नानेटी हा महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारा, दिवसा हिंडणारा आणि स्वभावाने अत्यंत गरीब असा साप आहे. तरीही गैरसमजापोटी मारल्या जाणाऱ्या सापांत तिची गणना करावी लागते. साप ओळखण्याचा प्रश्न मात्र केवळ भूतदयेचा नाही. बिनविषारी सापाला विषारी समजून मारणे ही एक चूक, तर विषारी सापाचे पिल्लू बिनविषारी समजून हाती धरणे ही दुसरी आणि अधिक महागात पडणारी चूक. दोन्ही टाळायच्या, तर नेहमी दृष्टीस पडणाऱ्या सापांची नीट ओळख हवी. नानेटीपासून तिचा आरंभ करणे सोयीचे ठरते.

नाव आणि कूळ

नानेटीचे शास्त्रीय नाव ‘अॅम्फिएस्मा स्टोलाटम’. आधुनिक वर्गीकरणशास्त्राचा जनक कार्ल लिनियस याने १७५८ साली तिची नोंद केली. ‘स्टोलाटम’ म्हणजे ‘स्टोला’ परिधान केलेली. स्टोला हे प्राचीन रोममधील विवाहित स्त्रियांचे पायघोळ वस्त्र. नानेटीच्या पाठीवरून शेपटीपर्यंत उतरत गेलेले दोन फिकट पट्टे पाहून हे नाव सुचले असावे. पूर्वी ‘अॅम्फिएस्मा’ या प्रजातीत आशियातील अनेक साप समाविष्ट होते. २०१४ साली जनुकीय अभ्यासाच्या आधारे त्यांची फेरमांडणी झाली, बाकीच्या जाती अन्य प्रजातींत गेल्या आणि या प्रजातीत नानेटी एकटीच उरली.

इंग्रजीत नानेटीला ‘स्ट्राइप्ड कीलबॅक’ म्हणतात. कील म्हणजे नौकेच्या तळाची कणा-पट्टी. नानेटीच्या पाठीवरील प्रत्येक खवल्याच्या मध्यातून अशीच एक बारीक उंच रेघ गेलेली असते. त्यामुळे तिची त्वचा धामणीसारखी तुळतुळीत न दिसता खरखरीत आणि काहीशी निस्तेज दिसते. पाणवठ्यावर आढळणारी दिवड आणि हिरव्या रंगाचा गवत्या हे तिचे आपल्याकडील जवळचे आप्त. सह्याद्रीच्या दाट जंगलात बेडोम या संशोधकाच्या नावाने ओळखली जाणारी तिची एक नातलग जात आहे. तिच्या अंगावर सलग पट्ट्यांऐवजी पिवळसर ठिपक्यांच्या रांगा असतात.

नानेटीचा प्रदेश मोठा आहे. पाकिस्तानातील सिंधपासून भारत, नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम यांमार्गे दक्षिण चीन आणि तैवानपर्यंत ती आढळते. बंगालीत तिला ‘हेले’ म्हणतात. ज्याला हेले धरता येत नाही, तो विषारी केउटे धरायला निघाला, अशा अर्थाची एक म्हण त्या भाषेत आहे. आवाक्याबाहेरचे काम अंगावर घेणाऱ्याला उद्देशून ती वापरतात. नानेटीच्या निरुपद्रवीपणाची याहून चांगली लोकसाक्ष कोणती हवी?

ओळखीच्या खुणा

पूर्ण वाढलेली नानेटी साधारणतः ४० ते ५० सेंटिमीटर लांब असते. काही माद्या याहून बऱ्याच मोठ्या होतात. मादी नरापेक्षा लांब आणि जाड असते. अंग सडपातळ, शेपूट लांब आणि निमुळती. पाठीचा रंग तपकिरी, मातकट किंवा हिरवट झाक असलेला करडा.

पाठकण्याच्या दोन्ही बाजूंनी जाणारे दोन फिकट पिवळे किंवा बदामी पट्टे ही तिची मुख्य खूण. हे पट्टे मानेजवळ काहीसे अस्पष्ट असतात आणि शरीराच्या मागील भागात ठळक होत शेपटीपर्यंत जातात. त्यांना छेदणारे काळे आडवे पट्टे किंवा ठिपके पुढच्या भागात गडद असून मागे विरत जातात. थोडक्यात, पुढे आडवी नक्षी आणि मागे उभे पट्टे अशी तिची रचना असते. काही नानेटींच्या मानेवर आणि अंगाच्या पुढच्या भागात लालसर छटा दिसते. तो वेगळा साप नव्हे, त्याच जातीतील रंगभेद होय.

डोके मानेपेक्षा थोडेच रुंद. डोळे मोठे, बाहुली गोल. ओठ आणि हनुवटी पांढरट किंवा पिवळसर. डोळ्याच्या पुढे आणि मागे ओठांवर उतरणाऱ्या बारीक काळ्या रेघा. पोट पांढरट असून त्याच्या दोन्ही कडांना लहान काळे ठिपके असतात.

भय वाटले, की नानेटी प्रथम पळण्याचा प्रयत्न करते. वाट सापडली नाही, तर अंग फुगवते, मान चपटी करते आणि खवल्यांमधील एरवी न दिसणारा निळसर किंवा लालसर रंग उघडा पडतो. याच क्षणी पाहणाऱ्याला ‘फणा’ दिसतो आणि ‘नागाचे पिल्लू’ अशी हाकाटी होते. वास्तविक हा शत्रूला बिचकवण्याचा दुबळ्याचा आविर्भाव आहे. हाताळली गेली तरी नानेटी क्वचितच चावते.

गल्लत कोणाशी होते?

आपल्या राज्यात सापांच्या पन्नासहून अधिक जाती आढळतात. माणसांचे सर्वाधिक बळी घेणारे साप मात्र चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नानेटीची गल्लत बहुधा यांच्या पिल्लांशी होते. म्हणून भेद नेमका लक्षात ठेवायला हवा.

फुरसे आकाराने नानेटीएवढेच, रंगानेही मातकट आणि त्याचेही खवले खरखरीत. परंतु फुरशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना नागमोडी फिकट रेघ असते, डोक्यावर बाणाच्या आकाराची खूण असते आणि डोळ्याची बाहुली उभी असते. डिवचले असता ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा करकर आवाज करते. नानेटी पळते, फुरसे बहुधा जागेवर राहून हल्ला करते. कोकणात, विशेषतः रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर, हा भेद जिवाशी निगडित आहे.

घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या गोलसर तपकिरी ठिपक्यांच्या तीन उभ्या रांगा असतात. अंग जाड, शेपूट आखूड, डोके त्रिकोणी. ती कुकरच्या शिट्टीसारखा दीर्घ फुत्कार टाकते. तिची पिल्ले पावसाळ्याच्या सुमारास थेट जन्माला येतात, ती वीतभर लांबीची असतात आणि जन्मापासूनच विषारी असतात.

मण्यार काळाभोर किंवा निळसर काळा आणि चकचकीत. त्याच्या अंगावर पांढऱ्या बारीक आडव्या रेघा असतात व त्या पुष्कळदा जोडीजोडीने येतात. उभे पट्टे नसतात. तो रात्री हिंडतो. नानेटी दिवसा हिंडते. ‘रात्री घरात शिरलेली नानेटी’ असे कोणी म्हणाले, तर त्या ओळखीवर विसंबू नये.

तस्कर या बिनविषारी सापाशीही नानेटीची तुलना होते. त्याच्याही अंगावर पुढे आडवी नक्षी आणि मागे उभे पट्टे असतात. मात्र तस्कराचे उभे पट्टे गडद असतात आणि नानेटीचे फिकट. तस्कराची त्वचा गुळगुळीत असते. दोन्ही साप बिनविषारी असल्याने ही चूक कोणाचे नुकसान करत नाही.

फसवे नियम

साप ओळखण्याचे काही सोपे नियम लोकांच्या तोंडी असतात. गोल बाहुलीचा साप बिनविषारी, उभ्या बाहुलीचा विषारी. त्रिकोणी डोक्याचा विषारी. खरखरीत त्वचेचा विषारी. रंगीबेरंगी साप घातक. यांतील एकही नियम आपल्याकडे टिकत नाही.

नाग आणि मण्यार या दोघांच्या डोळ्याची बाहुली गोल असते. मांजऱ्या सापाची बाहुली उभी, डोके त्रिकोणी. पण तो निमविषारी असून माणसाला त्याचा धोका नाही. खरखरीत खवले नानेटीला आहेत, तसेच फुरशाला आणि घोणशीलाही आहेत. बाहुलीचा नियम उत्तर अमेरिकेतील पुस्तकांतून पसरला आहे. तेथील बहुतेक विषारी साप घोणशीच्या कुळातील असल्याने तो तेथे बऱ्याच अंशी लागू पडतो. प्रवाळ सापासारखे अपवाद तेथेही आहेतच. भारतात तो नियम प्रमाण मानणे म्हणजे नाग आणि मण्यार यांना निर्दोष ठरवणे होय.

तात्पर्य, एका खुणेवरून साप ओळखू नये. नक्षी, खवले, डोक्याचा आकार, वेळ, जागा आणि वर्तन यांचा एकत्रित विचार करावा. तरीही शंका उरली, तर साप विषारी आहे असे धरून चालावे.

दिनक्रम, आहार आणि वीण

बेडूक आणि भेक हे नानेटीचे मुख्य खाद्य. लहान मासे, पाली आणि सरडे यांवरही ती गुजराण करते. त्यामुळे भातखाचरे, तळ्याकाठचे गवत, बागा, पडीक भूखंड आणि गटारांच्या कडा या तिच्या आवडत्या जागा. पावसाळ्यात डबक्यांभोवती बेडकांचा सुळसुळाट झाला, की नानेटीही तेथे हजर होते. कडक उन्हाळ्यात ती बिळात किंवा जमिनीच्या भेगांत पडून राहते. म्हणूनच ‘पावसाळा आला आणि साप वाढले’ असे आपल्याला वाटते. साप वाढलेले नसतात, ते दिसू लागलेले असतात.

मादी पावसाळ्याच्या आसपास बिळात, पालापाचोळ्याखाली किंवा दगडांच्या फटीत अंडी घालते. एका वेळी बहुधा पाच ते दहा अंडी असतात, क्वचित पंधरापर्यंत. अंडी घातल्यावर मादी काही काळ त्यांच्यापाशी थांबत असल्याचे निरीक्षण नोंदलेले आहे. अंड्यातून बाहेर येणारी पिल्ले जेमतेम १३ ते १७ सेंटिमीटर लांबीची असतात आणि पहिल्या दिवसापासून स्वतःचे पोट स्वतः भरतात.

नानेटी स्वतःही अनेकांचे भक्ष्य आहे. मोर, भारद्वाज, सर्पगरुड, मुंगूस आणि नाग हे तिला खातात. बेडूक आणि शिकारी पक्षी यांना जोडणारी ती अन्नसाखळीतील एक मधली कडी आहे. मात्र शहराभोवतीच्या रस्त्यांवर तिचा मोठा शत्रू वेगळाच आहे. सकाळी ऊन खाण्यासाठी डांबरी रस्त्यावर आलेल्या नानेटी वाहनांखाली चिरडल्या जातात. पावसाळ्यात घाटरस्त्यावरून किंवा शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावरून प्रवास करणाऱ्यांनी हे दृश्य पाहिलेले असते.

अमेरिकेतील आप्त

नानेटी ज्या उपकुळात मोडते, त्याच उपकुळातील ‘गार्टर’ साप हा उत्तर अमेरिकेतील सर्वांत परिचित साप आहे. पायमोजे वर धरून ठेवण्यासाठी पूर्वी वापरली जाणारी पट्टी म्हणजे गार्टर; अंगावरील उभ्या पट्ट्यांमुळे सापाला ते नाव मिळाले. एकीला रोमन स्त्रीचे वस्त्र आठवून नाव दिले गेले, दुसऱ्याला पायमोज्याची पट्टी आठवून. पट्टे मात्र दोघांचेही तसेच. परसदारी हिंडणे, बेडूक खाणे आणि माणसाला इजा न करणे याही बाबतींत दोघांचे साम्य आहे.

फरकही आहेत. नानेटी अंडी घालते. गार्टर साप पिल्लांना जन्म देतो. गार्टर सापाला पकडले, की तो दुर्गंधीयुक्त द्रव सोडतो. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात नार्सिस या ठिकाणी चुनखडीच्या कपारींत हजारो गार्टर साप एकत्र हिवाळा काढतात आणि एप्रिल-मे महिन्यांत एकाच वेळी बाहेर पडतात. ते पाहण्यासाठी पर्यटकांची रीघ लागते. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्याने तर २०१६ साली पूर्वेकडील गार्टर सापाला ‘राज्य-साप’ हा मान दिला. अमेरिकेत आणि कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हिरवळ कापताना जो पट्टेरी साप दिसतो, तो बहुधा हाच. त्याला पाहून घाबरण्याचे कारण नाही. गावाकडच्या नानेटीचा तो दूरचा भाऊबंद आहे.

या उपकुळात सगळेच निरुपद्रवी आहेत, असे मात्र समजू नये. आपल्या गवत्याच्याच प्रजातीतील जपानी ‘यामाकागाशी’ सापाच्या दंशाने माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणून ‘बिनविषारी आहे’ हे कळणे म्हणजे साप हाती घेऊन छायाचित्र काढण्याचा परवाना नव्हे.

बिनविषारी दंश आणि मांत्रिकाची कीर्ती

नानेटी, दिवड, धामण यांसारख्या सापांचा आपल्या समाजजीवनाशी आणखी एक संबंध आहे. तो फारसा कोणी ध्यानात घेत नाही. गावोगावच्या मांत्रिकांनी ‘उतरवलेल्या’ विषाची कीर्ती मोठ्या प्रमाणात या सापांवर उभी आहे. बिनविषारी साप चावलेला माणूस भीतीने अर्धमेला होतो, त्याला देवळात किंवा भगताकडे नेले जाते, मंत्र होतो आणि माणूस उठून बसतो. तो उठणारच होता. विषारी सापाच्या दंशातही प्रत्येक वेळी विष टोचले जातेच असे नाही. अशा रीतीने मंत्राच्या खात्यावर यश जमा होत जाते. मग एखाद्या रात्री जमिनीवर झोपलेल्या मुलाला मण्यार चावतो. दंशाची वेदना फारशी जाणवत नाही, खूणही पुसट असते. कुटुंब पूर्वानुभवावर विसंबून मांत्रिकाकडे जाते आणि इस्पितळात पोहोचण्याची वेळ टळून जाते.

ही कल्पित भीती नाही. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासात मांडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत सर्पदंशाचे बळी निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे.

साप दिसला तर, चावला तर

साप दिसल्यास त्याच्यापासून सुरक्षित अंतर राखावे, लहान मुलांना आणि पाळीव प्राण्यांना दूर करावे आणि त्याला जाण्यासाठी वाट मोकळी ठेवावी. बागेतील नानेटी थोड्या वेळात आपण होऊन निघून जाते. साप घरात शिरला असल्यास त्याच्यावर दुरून नजर ठेवून वन विभाग, अग्निशमन दल किंवा अनुभवी सर्पमित्राला बोलवावे. सापांच्या अनेक जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. संरक्षित साप मारणे, पकडून बाळगणे किंवा त्याचे खेळ करणे हा गुन्हा आहे.

घराभोवती विटा, लाकडे, भंगार यांचे ढीग साठू देऊ नयेत. उंदरांचा बंदोबस्त करावा, कारण नाग आणि घोणस उंदरांच्या मागावर येतात. रात्री बाहेर पडताना विजेरी घ्यावी. ग्रामीण भागात जमिनीवर झोपणे टाळावे; ते शक्य नसल्यास मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपावे. मण्याराच्या दंशापासून वाचण्याचा हा साधा पण परिणामकारक उपाय आहे.

साप चावलाच, तर तो ‘नानेटी होता’ अशी खात्री वाटत असली तरी रुग्णालय गाठावे. दंश झालेला अवयव हलू न देता आधार द्यावा, अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावे आणि रुग्णाला धीर द्यावा. दोरी आवळून बांधणे, जखम कापणे, तोंडाने रक्त ओढणे, बर्फ किंवा झाडपाला लावणे हे सर्व प्रकार अपायकारक आहेत. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. त्या खटाटोपात दुसरा दंश होण्याचा धोका असतो. डॉक्टर लक्षणांवरून आणि रक्त गोठण्यास लागणारा वेळ तपासून निदान करतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच संयुक्त प्रतिविष उपलब्ध आहे. ते घोड्यांच्या रक्तद्रवापासून तयार होते आणि काही रुग्णांना त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून विषबाधेची लक्षणे असतील तरच ते दिले जाते. लक्षणे नसल्यास रुग्णाला देखरेखीखाली ठेवून घरी पाठवले जाते. नानेटीच्या दंशात बहुधा एवढेच घडते.

सापांबद्दल आपल्या समाजात एकीकडे पूजाभाव आहे आणि दुसरीकडे दिसताक्षणी मारण्याची घाई आहे. नागपंचमीला नागाच्या चित्राला हळदकुंकू वाहणारे हात श्रावणातच एखाद्या नानेटीवर काठी उगारतात. या दोन टोकांच्या मध्ये ओळखीची जागा रिकामी राहिली आहे. फिकट पिवळे दोन पट्टे, त्यांना छेदणारी काळी नक्षी, मोठे गोल डोळे आणि पळून जाण्याची धडपड एवढे जरी घरातील मुलांना ठाऊक झाले, तरी काठी उचलण्यापूर्वी कोणीतरी ‘थांबा’ म्हणेल. तेवढ्या अवधीत नानेटी गवतात दिसेनाशी झालेली असेल.